‘मेलेल्याला काय दुखतंय?’

पत्र

सिस्टर, नमस्कार.

मी एका उपजिल्हा रुग्णालयात आहे. वय 33. वडील तिथंच सफाई कामगार होते. ते रिटायर झाल्यावर लाड-पागेमधून, म्हणजे वारस म्हणून, मी लागलो. ऑर्डरवर ‘सफाई कामगार’ असंच आहे, पण सहा वर्षं झाली, पीएम रूमला, म्हणजे शवविच्छेदनाला, मीच असतो. डॉक्टर नाकाला रुमाल लावून दारात उभे राहतात. ते सांगतात, मी उघडतो, मीच शिवतो. आठवड्याला चार-पाच बॉडी तरी असतात.

सासरी ‘लॅबला आहे’ असं सांगितलंय. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर ‘सरकारी नोकरी’ लिहिलं. ऑफिसात चहा येतो तेव्हा सगळ्यांना कपबशी आणि मला कागदी कप. आत जायच्या आधी दारूची नाईन्टी घेतो, त्याशिवाय जमत नाही. नातेवाईक पाचशे-हजार देतात, ते घेतो. दीड महिन्यापूर्वी शिवताना सुई बोटात गेली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एचआयव्हीची तपासणी लावली असती आणि दवाखानाभर झालं असतं.

हे सगळं चालूच होतं. मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले. मुलगा मोटारसायकलवरून गेलेला, 19 वर्षांचा. बॉडी ताब्यात देताना ते म्हणाले, ‘साहेब, जास्त कापलं नाही ना हो?’ मी म्हणालो, ‘मेलेल्याला काय दुखतंय?’ ते काहीच बोलले नाहीत, सही करून गेले. तेव्हापासून मला झोप नाही. मी असा नव्हतो. नोकरी सोडू का?

नाव-गाव छापू नका.

— एक कर्मचारी

उत्तर

भाऊ, आधी बोट.

बाकीचं सगळं आठ दिवस थांबेल, बोट थांबणार नाही. सुई टोचल्यावर 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू करायच्या असतात. त्या 28 दिवस घ्यायच्या असतात. ती वेळ तुमची गेली. आता तपासणी. आपल्या दवाखान्यात नको वाटत असेल तर शेजारच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात जा. तिथं तपासणी फुकट होते. आत्ता एकदा करा आणि टोचल्याला तीन महिने पूर्ण झाले की पुन्हा एकदा. सोबत कावीळ बी आणि सी याही तपासा, त्या सहा महिन्यांनी परत करायच्या. रिपोर्ट येईपर्यंत घरात कंडोम वापरा, रक्तदान करू नका. बायकोला सांगा. ते कसं सांगायचं हे तुम्ही मला विचारलं नाहीत, कारण त्याची भीती या पत्रात सगळ्यात मोठी आहे, बरोबर?

घाबरू नका म्हणून सांगते. जिवंत रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली आणि त्या रुग्णाला एचआयव्ही असला, तरी लागण होण्याचं प्रमाण हजारात तीनच्या आसपास आहे. काविळीच्या बीचं मात्र तसं नाही. लस घेतली नसेल तर ते शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतं. लस कधी घेतली होती का? सहा वर्षं तिथं उभे आहात म्हणजे कुणीतरी टोचायला हवी होती. तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. तपासणीत बी निघाला नाही तर त्याच दिवशी पहिला डोस घ्या. आणि ‘दवाखानाभर होईल’ या भीतीसाठी एवढं लक्षात ठेवा: 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे. त्यात तपासणीचा निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे आणि निकालावरून कुणाला नोकरीत त्रास देता येत नाही.

बोटावर एवढं लिहिलं कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच दिसतं. कामाला लागलेला डाग म्हणजे लग्नात कुणी शेजारी बसत नाही, सोयरीक जुळत नाही, पाहुणे तोंड वाकडं करतात, असं आपण समजतो. ते दुखतंच. पण माझ्या 34 वर्षांच्या नर्सच्या नोकरीत मी पाहिलंय की तो डाग तिथं थांबत नाही, हळूहळू कामाच्या हातात उतरतो. जे काम लपवायचं असतं, त्या कामातली प्रत्येक गोष्ट माणूस लपवायला लागतो. लागलेली सुई लपवतो. ग्लोव्हज संपले तरी मागत नाही, कारण मागायला गेलं की सगळ्यांसमोर ‘पीएमसाठी’ असं म्हणावं लागतं. डॉक्टरांना ‘आत या’ म्हणत नाही. मग ज्या लोकांसमोर हे काम उघडं पडतं, म्हणजे नातेवाईक, त्यांचाच राग यायला लागतो. तो बाप तुमच्याकडे ‘साहेब’ म्हणून बघत होता. तुम्हाला ते सहन झालं नाही, असं मला वाटतं.

माझं सांगते, म्हणजे मी वरून बोलतेय असं वाटायला नको.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझी बदली क्षयाच्या वॉर्डात झाली. कुठल्या हॉस्पिटलात ते जाऊ द्या. सासूबाई म्हणाल्या, ‘कुणी विचारलं तर जनरलला आहे म्हण.’ मी म्हणायला लागले. दिराच्या लग्नात एका बाईनं मला ओळखलं आणि मांडीवरचं लेकरू उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. बोलली काही नाही. पुढच्या सोमवारपासून मी पेशंटच्या हातात गोळ्या द्यायचं बंद केलं. लॉकरच्या कोपऱ्यावर कागदाची पुडी ठेवायची आणि पुढे जायचं. मी ठरवून केलं नव्हतं. विचारलं असतं तर ‘वेळ वाचतो’ असं मी ठामपणे सांगितलं असतं. बारा नंबरच्या खाटेवर गिरणीत काम केलेले एक काका होते. त्यांनी एक दिवस पुडी उचललीच नाही. नुसता तळहात पुढे करून बसले. मी दोन पेशंट करून परत वळले, तरी हात तसाच. थकलेला हात, थरथरत होता. मला इतका संताप आला की बोलायची सोय नाही. पुडी त्यांच्या हातावर जवळजवळ आपटली मी. लाज वाटायला पुढे पंधरा दिवस लागले. तुम्हाला एका रात्रीत वाटली, म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा बरे.

त्या लग्नातल्या बाईनं मला जसं वागवलं, तसंच मी बारा नंबरला वागवत होते.

आता कागदी कप. पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ ही. तुम्हाला कपबशी न देणारे लोक रुग्णालयातले आहेत. मेलेलं माणूस शिवल्यानं कुणी बाटत नाही हे साऱ्या तालुक्यात त्यांना सगळ्यात चांगलं माहीत असायला हवं. संसर्गाची काळजी असती तर तुमच्यासाठी ॲप्रन, गमबूट आणि जाड ग्लोव्हज आले असते. ते आलेले नाहीत, कप मात्र आला.

तुम्ही जात लिहिली नाहीत, मीही विचारत नाही. पण ‘लाड-पागे’ हे दोन शब्द लिहिलेत. त्या समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्रात सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी मिळते, आणि झाडू कुठल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिला हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून स्पष्ट बोलू. 1836 साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं. वैद्य घराण्यातल्या माणसानं प्रेताला सुरी लावली, हे धाडस म्हणून आजही अभिमानानं सांगितलं जातं. सांगायलाच हवं. पण तीच सुरी तुमच्या वडिलांच्या किंवा तुमच्या हातात आली की तिचं धाडस जातं आणि विटाळ उरतो. प्रेत तेच, सुरी तीच. तेव्हा हा डाग कामाचा कमी आणि हात कुणाचा आहे त्याचा जास्त. तो कागदी कप जातीवरून येत असेल तर ती नुसती खडूस वागणूक राहत नाही. 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याचसाठी आहेत. लगेच पोलिसात जा असं म्हणत नाही. पहिली पायरी साधी ठेवा. घरून स्टीलचा पेला न्या आणि चहावाल्याला सगळ्यांदेखत म्हणा, ‘यात ओत.’ कोण काय म्हणतं ते बघा आणि तारखेसकट लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर ते लागेल.

एक अभ्यास मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वाचायला मिळाला. ब्लेक ॲशफोर्थ आणि ग्लेन क्रायनर या अमेरिकेतल्या दोघांनी 1999 साली लिहिलेला. लोक ज्याला ‘घाणीचं काम’ म्हणतात त्याला डाग तीन तऱ्हांनी लागतो, असं ते म्हणतात: घाण, मृत्यू, धोका यांच्याशी संबंध आल्यानं, डागी समजल्या जाणाऱ्या माणसांच्या संगतीनं, आणि कामात काही अनैतिक आहे अशा समजुतीनं. मला त्यांचं आणखी एक म्हणणं जास्त पटलं. अशी कामं करणारी माणसं सरसकट स्वतःला हलकी समजत नाहीत, कारण त्यांची टोळी असते. ती एकमेकांशी बोलतात, आपल्या कामाचा अर्थ आपण लावतात, बाहेरच्यांची टिंगलही करतात. अग्निशमन दलातली पोरं बघा. आमचा क्षयाचा वॉर्डही असाच होता. रात्रपाळीला आम्ही तिघी आमच्या पाहुण्यांच्या नकला करायचो. बारा नंबरनंतर मला सावरलं ते त्या नकलांनी.

तुमची टोळीच नाही, भाऊ. पीएम रूमला तुम्ही एकटे. वडिलांशी याबद्दल बोलता का? तेही याच दवाखान्यात होते. आजूबाजूच्या तालुक्यांत पीएमला कोण असतं ते तुम्हाला माहीत असेलच. बॉडी रेफर होते तेव्हा फोन होतच असणार. त्या चार-पाच जणांनी एकदा चहाला बसा. सुई कशी धरता, वास कसा सोसता, लहान मूल आलं तर त्या दिवशी काय करता, एवढंच बोला. कर्मचारी संघटना असेल तर तीही बघा. पण पहिला चहा संघटनेशिवाय प्या, नाहीतर सगळी संध्याकाळ वेतन आयोगावर जाईल.

आता त्या 19 वर्षांच्या मुलाचे वडील.

‘जास्त कापलं नाही ना?’ हा प्रश्न शरीरशास्त्राचा नव्हता, हे तुम्हालाही कळलंय. पण त्याचं खरं उत्तर शरीरशास्त्रातच आहे आणि ते तुमच्या एकट्याकडे होतं. चेहऱ्याला आपण सुरी लावत नाही. डोक्याचा छेद एका कानामागून दुसऱ्या कानामागे, केसांत जातो. पुढचा छेद कापडाखाली राहतो. नीट शिवलं, पुसलं, केस विंचरले तर घरच्यांना दिसतं ते त्यांचंच माणूस. एवढंच सांगायचं होतं: ‘काका, जेवढं लागतं तेवढंच केलंय. चेहरा आहे तसा आहे. शिवून, पुसून दिलंय.’ तीन वाक्यं. पाठ करून ठेवा. पुढच्या वेळी नाईन्टीच्या आधी म्हणून बघा.

त्या वडिलांना शोधून माफी मागू का, असं तुमच्या मनात असेल. नको. ओझं तुमचं आहे, ते त्यांच्या दारात नेऊन ठेवू नका. पण ते कधी रिपोर्टसाठी दवाखान्यात आले, आणि येतीलच, तर स्वतः उठून त्यांना खिडकीपर्यंत न्या आणि कागद मिळवून द्या. अपघाताच्या दाव्याला पीएम रिपोर्ट लागतो. घर शेतकऱ्याचं असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेचे 2 लाख मिळवायलाही अपघाती मृत्यूचे कागद लागतात. वरच्या साहेबांची सही होते तो कागद तुमच्या हातांनी सुरू झालेला असतो. दवाखान्यात हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

पैशांवर मी कडक बोलणार आहे. पाचशे-हजार घेणं बंद. मला त्यामागचं गणित कळतं: ‘तसंही हे लोक मला हलकाच समजतात, मग घेतले तर काय बिघडलं.’ हलकेपणाची भरपाई माणूस त्याच्याचकडून वसूल करतो जो त्या दिवशी भांडू शकत नाही. पोरगा आत ठेवलेला बाप घासाघीस करत नाही. कापड, प्लास्टिक दवाखाना देत नाही म्हणून नातेवाईकांना आणायला लावावं लागतं, हे अनेक ठिकाणी चालतं. तसं असेल तर ते तुमच्या खिशातून किंवा त्यांच्या खिशातून जायचं कारण नाही, ती मागणी अर्जात घाला. तुम्ही पैसे घेणं थांबवल्याशिवाय तो अर्ज तुमच्याच्यानं लिहवणार नाही, हेही सांगते.

नाईन्टीबद्दल प्रवचन देत नाही. वासासाठी म्हणून सुरू झाली असेल. पीएमला ‘घ्यावीच लागते’ असं जुने लोक नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतात. डॉक्टरांनाही ते माहीत असतं आणि सोयीचंही असतं. पण सुई बोटात गेली त्या दिवशी घेतली होती का? ते मला नको, स्वतःला सांगा. सकाळी घेतल्याशिवाय हात थरथरत असतील तर एकट्यानं एकदम बंद करू नका, त्यात धोका असतो. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून याच कामात आहे. झोपेचं आणि त्या रात्रींचं कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. नाव विचारलं तर ‘लॅबला आहे’ म्हणू नका एवढंच.

अर्ज एकाच पानाचा, वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे. माझ्या ऑर्डरवर सफाई कामगार हे पद आहे, प्रत्यक्षात सहा वर्षं शवविच्छेदनाचं काम करतो, त्याबद्दल प्रशिक्षण आणि लेखी आदेश मिळावा. काविळीची लस. कट न होणारे ग्लोव्हज, ॲप्रन, गमबूट, मास्क. पुरेसा उजेड आणि एक्झॉस्ट पंखा. शवविच्छेदन चालू असताना वैद्यकीय अधिकारी टेबलापाशी हजर असावेत. हे शेवटचं लिहिताना हात अडखळेल, पण लिहा. अहवाल त्यांच्या सहीनं कोर्टात जातो, तेव्हा दारातून बघणं त्यांच्याही अंगाशी येऊ शकतं. चांगला अधिकारी असेल तर मनातून आभारच मानेल. आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही, हे आमच्या मेट्रन सांगायच्या.

सासरचं आणि शाळेचं? ‘सरकारी नोकरी’ हे खोटं नाही, आणि आपल्याकडे त्यापुढे कुणी विचारतही नाही. सगळ्या जगाला सांगत सुटायची तुमच्यावर सक्ती नाही. ‘लॅब’ मात्र सोडा. लॅबच्या गोष्टी रचून सांगाव्या लागतात, त्या लक्षात ठेवाव्या लागतात, आणि सासऱ्यांना कधीतरी रक्त तपासायचं असतंच. ‘हॉस्पिटलला आहे’ पुरे. बायकोला मात्र सगळं सांगा. मुलगी मोठी झाली की विचारेल, तेव्हाचं तेव्हा बघू. माझ्या आजीच्या काळात नर्स म्हटलं की घरंदाज लोक नाक मुरडत. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं पुण्यात बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवायला सुरुवात केली तेव्हा घरोघर समजूत घालावी लागली असणार. आज त्याच घरातले लोक जर्मनीत नर्स असलेल्या मुलीचे फोटो स्टेटसला ठेवतात. तुमच्या कामाचं असं होईल की नाही मला माहीत नाही. कोरोनात आमच्यावर फुलं उधळली आणि त्याच आठवड्यात घरमालकांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या, ते मी विसरलेले नाही.

नोकरी सोडू का, म्हणून विचारलंत. आत्ता नको. झोप नसताना, रिपोर्ट हातात नसताना, दारू चालू असताना राजीनामा लिहू नये. अर्जाची पोच घेतल्यापासून तीन महिने बघा. तेवढ्यात तुमची दुसरी तपासणीही झालेली असेल. तरीही नको वाटलं तर वॉर्डाकडे बदली मागा. पद सफाई कामगाराचं आहे, त्यात पीएम रूम कायमची लिहिलेली नाही. सहा वर्षं केलंत, सोडलंत तर पळालात असं मी तरी म्हणणार नाही.

मंगळवारपर्यंत तपासणीला जा. आणि मला उलट टपाली एवढं कळवा: शिवायला सुई नुसत्या बोटांत धरता, की नीडल होल्डर, म्हणजे सुई धरायचा चिमटा, आहे? नसेल तर तो अर्जात सगळ्यात वर घाला.